वावर वाटलं, पण गाव?



परवा वाटणीचा फेरफार झाला. वडिलांची सहा एकर, आम्ही तिघं भाऊ, प्रत्येकाला दोन-दोन. विहीर सामाईक. धाकटा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "दादा, माझा तुकडा तूच घे, जमतील तसे पैसे दे." माझ्या तोंडून निघून गेलं, "वावर सोडून पळणाऱ्यानं गावात तोंड तरी कशाला दाखवावं?" तो काही बोलला नाही. जेवणही न करता एसटीत बसला.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय, ती तुमच्यापुढं मांडतो.

इटलीच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेलगत आल्प्सच्या दऱ्या आहेत. तिथं वाल्डेन्शियन नावाचा जुना ख्रिस्ती पंथ. रोमच्या चर्चचं ऐकत नाहीत म्हणून शेकडो वर्षं छळ, कत्तली. १७ फेब्रुवारी १८४८ ला राजानं नागरी हक्क दिले. त्याआधी दऱ्यांबाहेर जमीन घ्यायचीही बंदी. माणसं वाढली, जमीन तेवढीच. डोंगरउतारावर दगडी ताली रचून केलेल्या पट्ट्या. पावसानं खाली आलेली माती पाटीत भरून परत वर न्यायची. वाटण्या होऊन होऊन पट्टीत बैल वळंना अशी गत. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

मग लोक निघाले. काही कुटुंबं समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत उरुग्वेला गेली. तिथं १८५८ साली कोलोनिया वाल्डेन्से हे गाव बसलं. सपाट, कसदार जमीन. आधी गहू, पुढं दूधदुभतं. शेतीनं त्यांना हात दिला. पण मला आवडलं ते वेगळंच. १८८८ साली या शेतकऱ्यांच्या गावात माध्यमिक शाळा निघाली. उरुग्वेच्या ग्रामीण भागातली ती पहिली मानतात. दानिएल आर्मां उगों या त्यांच्या पाद्र्याचं नाव आजही त्या शाळेला आहे.

दुसरी तुकडी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात गेली. २९ मे १८९३ ला २९ माणसं रेल्वेतून उतरली. त्यांनी वसवलेलं गाव व्हॅल्डीज. इथं मात्र नशीब फिरलं. जमीन हलकी, चढउताराची, जंगल तोडून करायची. सगळ्यांची मिळून एक कंपनी काढली, जमीन सामाईक ठेवली; ती थोड्याच काळात कर्जात बुडाली. शेवटी जमीन ज्याची त्याला वाटून दिली. नुसत्या शेतीवर तरी भागेना. मग मोज्यांची गिरणी आली, पुढं बेकरी आली. शेतकऱ्यांची पोरं गिरणीत गेली. म्हणून गाव मोडलं का? नाही. १८९९ ला देऊळ म्हणावं तसं चर्च उभं केलं, १९०९ ला एकमेकांच्या आजारपणाला मदत करणारं मंडळ काढलं.

एकाच दऱ्यांमधली माणसं, कष्टही तेवढेच. एकीकडं शेती पिकली, दुसरीकडं नाही. यात कोण शूर आणि कोण पळपुटा? जमीन कशी लागली, त्यावर गेलं सगळं.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. वावर तुकडे होतं, त्याला इलाज नाही. सगळी जमीन एकत्र करून कसा, हे भाषणात गोड लागतं. तिथंही ते टिकलं नाही. पण वावराच्या बाहेरचं जे आहे, शाळा, दूध डेअरी, दुखण्याखुपण्याची मदत, ते सामाईकच राहायला पाहिजे. आपण उलटं करतो. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी कोर्टात जातो आणि गावच्या शाळेचा पट किती उरलाय हे विचारतसुद्धा नाही. आमच्या गावचं वाचनालय चार वर्षं बंद आहे. किल्ली कुणाकडं, हे मलाही माहीत नाही.

आणि जो शेती सोडतो त्याला आपण गावातूनच काढून टाकतो. ते चुकतं. मीच चुकलो.

काल रात्री धाकट्याला फोन केला. सरळ माफी मागायला जीभ वळेना. म्हणलं, "यात्रेला ये. विहिरीत तुझा तिसरा हिस्सा आहे, मोटर बदलायचीय." तो हसला. म्हणाला, "येतो दादा."

तुमच्या गावात अजून सामाईक काय उरलंय? खाली लिहा.