विश्लेषण : खरीप कांद्याची रोपे वाफ्यात, ट्रेमध्ये की लहान गड्ड्यांतून? परवडणारा मार्ग कोणता?

दिवाळीच्या तोंडावर कांद्याचे दर चर्चेत येतात. मात्र त्या वेळी बाजारात किती नवा कांदा येणार, याचा बराचसा निकाल मे-जूनमध्ये रोपवाटिकेतच लागलेला असतो. पावसाचे वेळापत्रक बिघडल्याने खरिपाची रोपे वाचवणे अवघड झाले असून, ट्रेमधील रोपे आणि लहान गड्ड्यांपासून लागवड हे पर्याय पुढे येत आहेत. ते व्यवहारात कितपत टिकतात, याचा हा आढावा.

रोपवाटिकेवर एवढे काय अवलंबून?

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत घेतला जातो. खरिपाचा कांदा ऑक्टोबर ते डिसेंबर, रांगडा जानेवारी ते मार्च आणि उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. देशातील निम्म्याहून अधिक उत्पादन उन्हाळी म्हणजे रब्बी कांद्याचे असते आणि तोच चाळीत टिकतो. सप्टेंबरनंतर चाळीतील कांदा सडू लागतो, त्याला मोड येतात. त्या वेळी खरिपाचा माल आला नाही, तर टंचाई निर्माण होते. खरिपाचा वाटा कमी असला तरी दर हलवण्याची ताकद त्याच्यात आहे ती यामुळेच. या पिकासाठी मे-जूनमध्ये उळे टाकले जाते आणि ३५ ते ४५ दिवसांची रोपे जुलै-ऑगस्टमध्ये शेतात लावली जातात. रोपे गेली की पुन्हा उळे टाकावे लागते आणि काढणी महिनाभराने पुढे जाते.

वाफ्यातील रोपांचे नेमके काय बिघडते?

कांद्याचे बी मेच्या कडक उन्हात उगवते आणि कोवळी रोपे थेट जोरदार पावसात सापडतात. वाफ्यात पाणी साचले की ‘मर’ रोग पसरतो, रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. पाऊस इतका लवकर आला की जमीन तयार करून वाफे टाकायलाच अवधी मिळत नाही.

बियाण्याचे गणित पाहिले तर नासाडीचा अंदाज येतो. एका ग्रॅममध्ये कांद्याचे साधारण २५० ते ३०० बी असतात. एकरी तीन किलो बियाणे वापरले, तर किमान साडेसात लाख बी पडते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरली, तरी सव्वापाच लाख रोपे उगवायला हवीत. १५ बाय १० सेंटिमीटरवर लागवड केल्यास एकराला लागतात सुमारे अडीच लाख. म्हणजे उगवलेल्यांपैकी निम्मी रोपे मरतील किंवा निकृष्ट निघतील, हे शेतकऱ्याने आधीच गृहीत धरलेले असते.

ट्रेमध्ये रोपे वाढवली तर?

टोमॅटो, मिरचीची रोपे कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये वाढवणे आता सर्रास झाले आहे. पावसापासून आडोसा, निर्जंतुक माध्यम आणि एकसारखी रोपे हे फायदे कांद्यालाही मिळतात. अडचण संख्येची आहे. टोमॅटोला एकरी पाच-सहा हजार रोपे पुरतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे साठेक ट्रे. कांद्याला एका कप्प्यात एक रोप धरल्यास सुमारे अडीच हजार ट्रे लागतील. ते मांडण्यासाठी साडेतीन ते चार गुंठे आच्छादित जागा हवी, तर एकराची रोपे गादीवाफ्यावर साधारण दोन गुंठ्यांत तयार होतात. एका कप्प्यात चार-पाच बिया टाकल्यास ट्रेची संख्या सहाशेच्या आसपास येते. मात्र लागवडीच्या वेळी रोपे सुटी करावी लागतात आणि मजुरी वाढते.

दुसरा मुद्दा मुळांचा. काकडी, कलिंगडासारख्या वेलींची रोपे मुळे उघडी पडताच माना टाकतात, म्हणून तिथे ट्रे उपयोगी ठरतो. कांद्याचे रोप वाफ्यातून उपटून, जुडी बांधून दुसऱ्या गावी नेले तरी तग धरते. ट्रेचा सर्वांत मोठा फायदा कांद्याला तितकासा लागत नाही.

लहान गड्ड्यांची पद्धत काय आहे?

या पद्धतीत बी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दाट पेरतात. दाटीमुळे कांदा पोसत नाही, दीड ते दोन सेंटिमीटरचे गड्डे तयार होतात. बाजारातल्या गोल्टीपेक्षाही ते लहान असतात. एप्रिल-मेमध्ये ते पातीसह काढून, सुकवून हवेशीर जागी ठेवतात आणि पावसाळ्यात लावतात. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने खरिपासाठी या पद्धतीची शिफारस केली आहे.

गड्ड्यात अन्नाचा साठा असतो. त्यामुळे तो लवकर रुजतो, पावसाचा मारा रोपापेक्षा चांगला सोसतो आणि पीक लवकर काढणीला येते. मेमधील रोपवाटिकेचा धोकाही टळतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. हेक्टरी १० ते १२ क्विंटल, म्हणजे एकरी चार ते पाच क्विंटल गड्डे लागतात. ते दोन-तीन महिने ऐन उकाड्यात जपताना काही सडतात, काही वाळतात. फार मोठे गड्डे लावले तर डेंगळे येण्याची आणि जोडकांदे निघण्याची शक्यता वाढते, म्हणून प्रतवारी काटेकोर हवी. वाणही खरिपाचाच लागतो. भीमा सुपर, भीमा डार्क रेड, बसवंत ७८० असे वाण त्यासाठी आहेत.

गड्डे आधी ट्रेमध्ये रुजवणे गरजेचे आहे का?

ब्रिटनमध्ये परसबागेतले अनेक जण गड्डे आधी ट्रेमध्ये रुजवतात. तिथे मार्चमध्ये जमीन थंड व ओली असते आणि नुकतेच लावलेले गड्डे पक्षी उपटून टाकतात. मुळे धरलेला गड्डा या दोन्हींतून वाचतो. महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टची जमीन उबदार असल्याने गड्डा थेट सरीत किंवा गादीवाफ्यावर रुजतो. एकरभर क्षेत्रासाठी हा उपद्व्याप न परवडणारा आहे. मात्र नांगे भरण्यासाठी थोडे गड्डे ट्रेमध्ये रुजवून ठेवले, तर ते कामी येतात. तिथले गड्डे आणून इथे लावण्याचाही उपयोग नाही. त्या वाणांना कांदा पोसण्यासाठी १४ ते १६ तासांचा दिवस लागतो आणि महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दिवसही तेवढा नसतो.

खर्च शेतकऱ्याचा, दर कुणाच्या हाती?

खरा पेच इथे आहे. वाफ्यावर अवलंबून असलेला शेतकरी मेमध्ये निर्णय घेतो, तर गड्ड्यांसाठी तो जानेवारीतच घ्यावा लागतो. माल विकेपर्यंत नऊ-दहा महिने जातात. दरम्यान निर्यातीचे नियम कसे असतील, हे त्याला ठाऊक नसते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले आणि ८ डिसेंबरला थेट बंदी आली. यांतील शेवटचे दोन निर्णय खरिपाचा माल बाजारात यायच्या काळातच झाले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. रोपवाटिकेतली जोखीम ट्रे किंवा गड्डे कमी करू शकतात, धोरणातली नाही. उलट जितका खर्च आधी करावा, तितके दर पडल्यावरचे नुकसान मोठे.

मग व्यवहार्य मार्ग कोणता?

बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी सुधारित गादीवाफा हाच स्वस्त उपाय राहतो. १० ते १५ सेंटिमीटर उंच वाफे, पाण्याचा निचरा, ट्रायकोडर्माचा वापर, बीजप्रक्रिया, ठिबक किंवा तुषार सिंचन आणि अतिपावसात तात्पुरते आच्छादन यांतून मर बरीच आटोक्यात येते. क्षेत्राचा काही भाग गड्ड्यांवर घेतल्यास माल दोन टप्प्यांत निघतो आणि संपूर्ण हंगाम एका पावसावर टांगलेला राहत नाही. ट्रे हा राखीव रोपांसाठी आणि रोपे विकणाऱ्या रोपवाटिकांसाठी उपयुक्त आहे.

गड्ड्यांची पद्धत पसरायची, तर ते वेळेवर व योग्य दरात मिळायला हवेत. शेतकरी उत्पादक कंपन्या ते तयार करून साठवू शकतात, कारण एकट्या शेतकऱ्यासाठी हे काम जड आहे. टंचाईनंतर निर्यात रोखण्यापेक्षा खरिपाची रोपे वाचवण्यावर झालेला खर्च शेतकरी आणि ग्राहक दोघांच्याही हिताचा ठरेल.