सुटका एका रात्रीची, सांभाळ जन्माचा

पहाटेच्या वेळी महामार्गावर पोलीस एखादा ट्रक अडवतात. आत दाटीवाटीने कोंबलेल्या गोवंशाची सुटका होते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात आणि आपण समाधानाने पान उलटतो. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याजवळ एकत्र येतात; खानदेशाला अशी वृत्ते नवी नाहीत. परंतु त्या ट्रकमधून उतरवलेल्या मुक्या जिवांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

ही जनावरे खटल्याचा निकाल लागेपर्यंत गोशाळेच्या किंवा पांजरापोळाच्या स्वाधीन केली जातात. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. जनावराचे पोट मात्र न्यायालयाच्या तारखांवर थांबत नाही. कुणाचा पाय मोडलेला, कुणाचे शिंग तुटलेले, कुणी उठूही न शकणारे. अशा वेळी आपला व्यवसाय सांभाळून जखमा धुणारा, रात्री कूस बदलून देणारा कार्यकर्ता वृत्तपत्रात दिसत नाही. मोकाट गायींच्या पोटातून शस्त्रक्रियेने प्लॅस्टिकचे गोळे काढावे लागतात, तेव्हाही तोच उभा असतो. २०२२च्या लम्पी साथीची राज्यातील पहिली नोंद ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातच झाली. त्या संकटाने लसीकरण, गोठ्याची स्वच्छता, आजारी जनावर वेगळे बांधणे ही कामे नुसत्या भक्तीने होत नाहीत, त्यांना माणसे आणि शिस्त लागते, हे दाखवून दिले.

कायद्याची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकली आहे. १९७६च्या प्राणिरक्षण कायद्यातील सुधारणा १९९५ मध्ये विधिमंडळात संमत झाली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळण्यास २०१५ उजाडले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन पन्नास रुपयांचे अनुदान ठरविले. हे स्वागतार्हच आहे. पण मोठ्या जनावराला दिवसाकाठी पंधरा-वीस किलो हिरवा आणि चार-पाच किलो कोरडा चारा लागतो; औषधे, पाणी, मजुरी वेगळीच. उन्हाळ्यात त्या पन्नास रुपयांत काय भागणार?

आणखी एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. ट्रकमध्ये सापडलेला बैल आकाशातून पडलेला नसतो. पोळ्याला ज्याच्या शिंगांना आपणच बेगड लावली, तोच थकल्यावर बाजारात उभा केला जातो. केवळ शेतकऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. खानदेशात ज्वारीची जागा कापसाने आणि केळीने घेतली. पऱ्हाटी चुलीत जाते, केळीच्या पाणचट खांबावर गुराचे पोट भरत नाही आणि कडब्याचा भाव परवडत नाही. जिथे दावणीला वैरणच नाही, तिथे उपदेश काय कामाचा?

म्हणून गोरक्षणाचे खरे रणांगण महामार्ग नसून गव्हाण आहे. ट्रक अडविण्याचे काम पोलिसांचे; संशय आल्यास त्यांना कळवावे, कायदा हाती घेऊ नये. समाजाचे काम त्यानंतर सुरू होते. पूर्वी व्यापारी पेढ्या धर्मादाय बाजूला काढून पांजरापोळे चालवीत. ती परंपरा गावोगाव नव्याने उभी करता येईल. आखाजीला आपण पितरांसाठी घागर भरतो, सालदाराचे सालही त्याच दिवशी ठरते. नेमका तोच वैशाख चाराटंचाईचा असतो. त्या दिवशी प्रत्येक गावाने जवळच्या गोशाळेचेही साल ठरवावे: एक गाडी कडबा, बांधावरचे थोडे गवत आणि आळीपाळीने सेवेला येणारे दोन तरुण.

गायीला माता म्हणणे सोपे आहे. वृद्ध मातेचे उष्टे-खरकटे काढणे, तिची जखम धुणे, हाच त्या शब्दाचा अर्थ आहे.