तिजोरी भरते, घर रिते होते

दारू हा गरीब वस्त्यांचा प्रश्न आहे, अशी सोयीस्कर समजूत मध्यमवर्गाने करून घेतली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींना उपचारांची वा मदतीची गरज आहे. अमली पदार्थही आता केवळ सीमेपलीकडून येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखानाच उघडकीस आणला.

मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करणे हे राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने शासनाचे कर्तव्य मानले आहे. तरीही चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. अवैध दारू वाढली, हे कारण सांगण्यात आले. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून कोणी चोरीविरोधी कायदा रद्द करीत नाही!

मात्र सारा दोष शासनाच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. व्यसन हा आजार आहे आणि लपविलेला आजार बळावतो. त्यावर उपचार होऊ शकतो, हे पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगण केंद्राने दाखवून दिले आहे. पण ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने कुटुंबे तिथवर पोहोचतच नाहीत. घरोघरी वर्गणीसाठी जाणारी आपली मंडळे शेजारचा मुलगा कुठे हरवला, याची चौकशी केव्हा करणार?