पाच मिनिटांचं काम

आज जरा स्वतःच्या धंद्याबद्दल लिहितो. 'धंदा' हा शब्द आमच्या घरात अजून कोणी वापरत नाही. आई शेजारी सांगते, "तो घरूनच कंपनीचं काम करतो." कंपनी म्हणजे मी, सावेडीतली एक खोली, दोन लॅपटॉप आणि एक म्हातारा यूपीएस. पुण्यातली नोकरी सोडून नगरला परत आलो (2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं) आणि दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायला लागलो. आज 38 दुकानं आहेत. गेल्या सप्टेंबरपर्यंत 41 होती. ती तीन कुठे गेली, तेच सांगायचंय.

3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलने दर बदलायचं ठरवलं. अंमल 22 तारखेपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. 12 आणि 28 चे टप्पे जवळजवळ गेलेच. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 वर आलं. बहुतेक औषधं 12 वरून 5 वर. तयार कपड्यांना आधी 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के होते, ते 2500 पर्यंत झाले आणि त्याच्या वर 12 चे 18. हातात 19 दिवस होते. खरं तर इंजिनिअरला हे काम म्हणजे काहीच नाही, एका टेबलमधले आकडे बदलायचे आणि सगळीकडे अपडेट पाठवायचा.

पण माझ्याकडे एक सॉफ्टवेअर नव्हतंच. सतरा होती!

कारण काय, तर "पाच मिनिटांचं काम आहे रे". कोणाला बिलावर गणपती हवा. कोणाला उधारीवाल्यांची नावं लाल रंगात. एका मेडिकलवाल्या काकांना एक्स्पायरीची तारीख औषधाच्या नावाआधी. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर बिलावरचा पत्ता बदलून द्या म्हणून आठवडाभर फोन वाजत होता. प्रत्येकाला हो म्हटलं, आणि प्रत्येकाचा कोड थोडा थोडा वेगळा होत गेला. नोकरीत असताना मध्ये एक मॅनेजर असायचा, तो माझ्या वतीने नाही म्हणायचा. त्या माणसाला मी तेव्हा किती शिव्या घातल्या! तो नक्की काय काम करतो हे स्वतःचा धंदा केल्यावर कळलं.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी एका कापडवाल्या शेठजींचा फोन. "इंजिनिअर साहेब, अठराशेच्या शर्टाला अजून बाराच टक्के लागतायत." त्यांच्यासाठी दोन वर्षांपूर्वी मी हजाराची मर्यादा टेबलमध्ये न ठेवता थेट कोडमध्ये लिहून टाकली होती. का, तर घाई होती, पाच मिनिटांचं काम होतं. सकाळपासून 63 बिलं चुकीची गेली होती. सणाची गर्दी, काउंटरला माणसं तीन रांगांत, आणि मी गल्ल्याच्या मागे स्टुलावर बसून क्रेडिट नोटा काढतोय. रात्री साडेअकराला उठलो. शेठजी एक शब्द बोलले नाहीत, उलट निघताना मुलाला म्हणाले, "यांना चहा दिला का रे?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी जे केलं ते कुठलाही आयटीवाला करेल. अ‍ॅप टाकली. कामाच्या याद्यांचं एक, वेळ मोजायचं एक, फोन ब्लॉक करायचं एक. तीन रंगांची लेबलं. दोन आठवड्यांत अशी परिस्थिती आली की काम करण्याआधी कामाची नोंद करायलाच अर्धा तास. एकट्या माणसाने स्वतःशीच रोज सकाळी मीटिंग घ्यायची म्हणजे जरा अतीच ना :)

डोकं ठिकाणावर आलं ते वेगळ्याच जागी. पुण्याचा मित्र आला होता, त्याला हिवरे बाजार बघायचं होतं. आमच्यासाठी ते म्हणजे शाळेची सहल. नगर तालुक्यातलंच गाव, पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले तिथून गोष्ट सुरू होते, चर खणले, झाडं लावली, 2020 च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सगळं पाठ होतं. मित्र बंधारे आणि हिरव्या टेकड्यांचे फोटो काढत होता. माझ्या मनात मात्र गावाचे दोन नियम घोळत राहिले. एक, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. दुसरा, पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस झाला, किती पाणी आहे ते आधी मोजायचं. त्यातून आधी माणसांचं पिण्याचं, मग जनावरांचं, आणि उरेल त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचं पाणी आणि ऊस, दक्षिणेला वर्षानुवर्षं टँकर, त्यामुळे उसाला नाही म्हणणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझं मत असं झालंय की पाणी अडवणं सगळ्यांना दिसतं, त्याचे फोटो निघतात. न उपसणं कोणाला दिसत नाही, आणि अवघड तेच आहे. मी नेमकं उलटं करत होतो. वेळ वाचवायच्या युक्त्या, म्हणजे बंधारे, जोरात चालू होत्या, आणि रोज रात्री अकरा ते दोन बोअर चालू होतं. ते पाणी माझं एकट्याचंही नव्हतं. बायको उजेडात झोपायला शिकली होती, हे मला तिनेच नंतर सांगितलं.

मग ताळेबंद मांडला. अ‍ॅपमध्ये नाही, आडव्या वहीत, दुकानदार रोजमेळ लिहितात तसल्या. प्रामाणिकपणे मोजलं तर डोकं चालतं असे दिवसाचे पाचच तास निघाले. आठवड्याचे सहा दिवस धरून तीस. (नोकरीत आम्ही पंचेचाळीस दाखवायचो, ते जाऊ दे.) पिण्याचं पाणी म्हणजे आहेत त्या दुकानांचे फोन, बॅकअप आणि दुरुस्त्या. त्यालाच अठरा तास गेले. जनावरांचं म्हणजे माझी स्वतःची बिलं, वसुली, विवरणपत्र. तेही आता महिन्याऐवजी तिमाही करून टाकलं, पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर ती सोय 2021 पासून आहेच आणि आपण पाच कोटींपासून सुरक्षित अंतरावर आहोत. उरले नऊ-दहा तास. नवीन पीक काय ते त्यावर.

फोन सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच. दुकानदारालाही दुपारीच वेळ असतो, संध्याकाळी त्याच्याकडे गिऱ्हाईक असतं, तेव्हा याची कोणी फार तक्रार केली नाही. भांडण झालं ते सतराची दोन करताना. एक किराणा-मेडिकलसाठी, एक कापडासाठी, बाकी सगळं बंद. गणपती राहिला, तो सगळ्यांनाच देऊन टाकला. लाल रंग गेला. तिघांनी सोडलं. वर्षाच्या देखभालीचे प्रत्येकी सहा हजार, म्हणजे अठरा हजार गेले, आणि घरखर्चात ते जाणवतात. यात काही थोर केल्याचा आव आणत नाही. एखादा महिना कोरडा गेला की रात्री लॅपटॉप उघडायला हात शिवशिवतो, दोनदा उघडलाही.

शेठजी मात्र राहिले.

गेल्या महिन्यात बाबांच्या मित्राच्या पतसंस्थेचं काम आलं. पैसे चांगले, पण सगळं नव्याने लिहायचं, किमान चार महिने. सरळ ऊस. बाबांनी परस्पर हो सांगून टाकलं होतं, मला त्यांच्यासमोर नाही म्हणावं लागलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघतच विचारलं, "दिवाळीनंतर तरी जमेल का?"

वहीत बघून सांगतो म्हटलं.