आधी गिऱ्हाईक, मग कढई

मैत्रिणींनो, या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, मला सगळं करता येतं. घरबसल्या कोणता धंदा सुरू करू?’ यावेळी हाच प्रश्न घिवलीहून आला आहे. घिवली म्हणजे पालघर तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आणि आत बोईसरच्या बाजूला कारखान्यांची वसाहत. पत्र लिहिणाऱ्या वहिनींचे यजमान तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. काम असेल तेव्हा पगार, नसेल तेव्हा घरी. मुलगा बारावीला. वहिनी लिहितात, ‘माझ्या हातच्या चकल्या, लाडू, शेवया सगळ्यांना आवडतात. शेवयांचं मशीन घ्यावं म्हणते. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या गहाण ठेवू का? तुम्ही हो म्हणालात तर सोमवारीच सोनाराकडे जाते.’

हे पत्र वाचून माझ्या पोटात गोळाच आला. ‘हो’ म्हणणं सोपं असतं, पण पाटल्या काही माझ्या नव्हेत! मी त्याच दिवशी उत्तर टाकलं, ‘सोमवारी सोनाराकडे जाऊ नका. दहा रुपयांची एक वही आणा आणि पंधरा दिवस मी सांगते तेवढंच करा.’

का, ते आधी सांगते. म्हणजे माझीच फजिती सांगते.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी मलाही असंच वाटलं होतं. दिवाळी तोंडावर होती. माझी चकली काटेरी, खुसखुशीत, सगळे वाखाणायचे. मी पंधरा किलोची भाजणी दळून आणली, तेलाचा डबा आणला, आठ दिवस कढईपुढे उभी राहिले. आणि विकल्या किती? चार किलो! आमच्या आळीत प्रत्येकीच्या घरी चकली होतेच, माझ्याकडून कोण घेणार? ज्या आल्या त्या चव बघायला आल्या. उरलेली चकली आम्ही थेट संक्रांतीपर्यंत खाल्ली. माझी चकली काही वाईट नव्हती. मी चुकीच्या दारात उभी होते, इतकंच.

तेव्हापासून मी एक गोष्ट गाठीला बांधली आहे. ‘मला काय येतं?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘कुणाची कशावाचून अडचण होते आहे, आणि ती दूर झाली तर तो पैसे मोजेल का?’ धंद्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात होत नाही, दुसऱ्याच्या घरच्या अडचणीत होते.

याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष गिरण्यांत कामाला आले. बायकामुलं गावी आणि हे एका खोलीत दाटीवाटीनं राहणार, पाळीपाळीनं झोपणार. चूल कोण पेटवणार? या बायकांना गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही, पण त्यांनी ते नेमकं ओळखलं होतं. गावाकडची चव, पाळीप्रमाणे जेवण आणि पगार झाला की हिशेब. अडचण एकच, पगार होईपर्यंत भांडवल कुठून आणायचं? सावकाराच्या व्याजात सगळी मेहनत जायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात पोळ्या लाटणारी बाई बँकेच्या दारात ताठ मानेनं उभी राहिली ती अशी.

पण या गोष्टीचा पुढचा भागही ऐका. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, पुष्कळसे गावी गेले. ज्या खानावळीचं सगळं गिऱ्हाईक गिरणीतलं, तिनं काय करायचं? तेव्हा नेमकं गिऱ्हाईक शोधा, पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नका. आज बोईसरच्या आसपास डबे देणाऱ्या मैत्रिणींनी तर हे जरूर ध्यानात ठेवावं. एकाच कारखान्यावर अवलंबून राहिलात, तर त्या कारखान्याचं कुलूप तुमच्याही चुलीला लागतं.

दुसरी गोष्ट लिज्जतची. तुम्हाला ती ठाऊक असेलच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पाकिटं किती झाली? चार! आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. माल कुठे जायचा याची वाट आधी होती, पीठ नंतर मळलं. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चार पाकिटांनी सुरुवात करायला लाजायचं कारण नाही, हे आपण त्यातून घ्यायचं.

आता वहिनींच्या वहीकडे वळू. त्यांना मी तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात, माणूस कोण. दुसऱ्यात, तो ही वस्तू सध्या कुठून घेतो आणि किती पैसे देतो. तिसऱ्यात, त्यात त्याला काय खटकतं. एक पथ्य मात्र कडक पाळायला सांगितलं. ‘मी केलं तर घ्याल का?’ असं मुळीच विचारायचं नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. सगळ्या ‘हो हो, नक्की’ म्हणतात आणि हो म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी विचारायचं, ‘मागच्या महिन्यात तुम्ही हे आणलंत का? कुठून? कितीला?’ झालेल्या खर्चाबद्दल माणूस सहसा खोटं बोलत नाही.

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं, चांगलं आठ पानी. त्यातलं थोडक्यात सांगते.

वहिनी आधी गावातच फिरल्या. शेवया? प्रत्येकीची जाऊ नाहीतर नणंद करते. चकली, लाडू? दिवाळीपुरते. म्हणजे मशीन अकरा महिने कोपऱ्यात आणि पाटल्या सोनाराकडे!

मग त्या बोईसरला परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या खोल्यांकडे गेल्या, यजमानांना सोबत घेऊन. एकेका खोलीत चार-सहाजण, तीन पाळ्या. डब्याची गरज खरी. पण पुष्कळांना पोळी-भाजी हवी, तीही त्यांच्या मुलखातल्या चवीची. वहिनींचा हात तांदळाच्या भाकरीवर आणि कालवणावर. शिवाय रोज दोन वेळा घिवलीहून डबे पोचवायचे म्हणजे रिक्षाचं भाडंच नफा खाणार. वहिनींनी लिहिलं, ‘गिऱ्हाईक आहे, पण माझं नाही.’ शाबास! ‘गिऱ्हाईक आहे’ आणि ‘माझं गिऱ्हाईक आहे’ यात फरक आहे, हे कळायला काहीजणींचं भांडवल जातं. वहिनींचे दोन दिवस गेले.

तिसरा फेरा वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे आणि मुलाच्या कॉलेजातल्या शिक्षिकांकडे झाला. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून बोईसर-पालघरहून रोज मुंबईकडे नोकरीला जाणाऱ्या बायकांची सोय झाली. दिवेलागणीनंतर घरी पोचणाऱ्या अशा चौघीजणींनाही त्या स्टेशनवर भेटल्या. चकलीची चौकशी करताना सहज मासळीचा विषय निघाला. एकजण म्हणाली, ‘अहो, सुका जवळा मला फार आवडतो. पण तो निवडायला वेळ कुणाला आहे? नि भाजला की सबंध इमारतीत वास. शेजारी शाकाहारी आहेत. गेल्या वर्षी आणलेला तसाच फेकला.’ दुसरीचं तेच. तिसरी म्हणाली, ‘आईच्या हातची जवळ्याची चटणी खाऊन चार वर्षं झाली.’

वहिनी लिहितात, ‘ताई, मला हसूच आलं. जवळ्याची चटणी काय विकायची? ती तर आमच्याकडे भाजी नसेल त्या दिवशी करतात!’

मैत्रिणींनो, इथेच तर मेख आहे. जे आपल्या घरी रोजचं, ते आपल्याला कवडीमोल वाटतं. घिवलीत सुकी मासळी विकणं म्हणजे गंगेला पाणी नेऊन देणं. पण तीच निवडून, भाजून, लसूण-मिरची घालून बरणीत भरली आणि बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर नेली, की ती दुर्मिळ वस्तू होते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते जवळ्याचे नव्हे. वाचलेल्या वेळाचे, टळलेल्या वासाचे आणि आईच्या आठवणीचे. आणि त्याला मशीन लागत नाही! चूल आहे, तवा आहे, पाटा-वरवंटा आहे.

आता हिशेब. पुष्कळजणी इथे फसतात, म्हणून आकडे मांडून दाखवते. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही आपल्या बाजारभावाने घाला. समजा, १ किलो सुका जवळा ३०० रुपये. निवडून, भाजून तो ७०० ग्रॅम उरला. लसूण, मिरची, खोबरं, तेल मिळून १२० रुपये. गॅस ३०. दहा डब्या ८० रुपये. जाण्यायेण्याचे ४०. एकूण ५७० रुपयांत १०० ग्रॅमच्या १० डब्या. म्हणजे डबीला ५७. शेजारीण म्हणेल, ‘६० ला दे, पुष्कळ झाले.’ दिलीत तर दहा डब्यांवर सुटले ३० रुपये, आणि तुम्ही चार तास राबलात! स्वतःची मजुरी तासाला ५० धरा, म्हणजे २००. आता डबी ७७ ला पडली. १०० ला विकलीत तर मजुरी सुटून २३ हातात, त्यातूनच खराब झालेला माल आणि फुटलेली डबी भागवायची. आपली मेहनत फुकट धरायची सवय आपल्याला माहेरापासून लागलेली असते. धंद्यात ती पहिली सोडायची.

आणखी चार गोष्टी मी वहिनींना लिहिल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली : थोडा माल करा आणि आगाऊ पैसे घ्या, निम्मे का होईनात. ज्यानं आगाऊ दिले तेच गिऱ्हाईक. बाकीचे हितचिंतक.

दुसरी : एक डबी घरी ठेवून दर आठवड्याला उघडून बघा. वास, चव, ओल तपासा. जितके दिवस ती खात्रीनं टिकते, त्याहून कमीच दिवस डबीवर लिहा. पावसाळी हवेत ही परीक्षा पुन्हा घ्या. चटणीत पाण्याचा हात लागता कामा नये.

तिसरी : खाद्यपदार्थ विकायचा तर घरगुती असला तरी अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी लागते. ती करून घ्या आणि नोंदणीचा क्रमांक, केल्याची तारीख, वजन, त्यात काय काय घातलं आहे ते आणि मांसाहाराची खूण डबीवर घाला. तुमच्या गावात ‘उमेद’चा बचत गट असेल तर या कामी आणि पुढे कर्जाच्या कामी त्याची मदत होते.

चौथी : घरच्यांना विश्वासात घ्या. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘घरातलं कालवण बाजारात नेणार का?’ मी लिहिलं, जवळा भाजायचं काम त्यांच्याकडेच द्या. आच किती, लसूण केव्हा घालायचा, हे त्यांच्याइतकं तुम्हाला येत नाही. आता म्हणे सासूबाई दुसऱ्या कुणाला तव्याजवळ फिरकू देत नाहीत!

पहिल्या खेपेला बारा डब्या गेल्या, सगळ्या आगाऊ पैसे घेऊन. बारांतल्या नऊजणींनी पुन्हा मागवल्या. दोघींना तिखट फार वाटलं. एकीनं काही कळवलंच नाही. मी वहिनींना सांगितलं, बारांपेक्षा मला हे नऊ महत्त्वाचे वाटतात. पहिल्यांदा माणूस कौतुकानं घेतो, दुसऱ्यांदा गरजेनं. तिखटाच्या तक्रारीवरून त्यांनी आता कमी तिखटाची वेगळी डबी सुरू केली आहे.

यातून घर चालेल का? आजच नाही. पण मुलाच्या क्लासच्या फीला हातभार लागला, एवढं त्या लिहितात. आता आगोटची खरेदी येईल. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, ताजी मासळी मिळेनाशी होते, तेव्हा घरोघरी सुकं भरून ठेवतात. वहिनी त्यासाठी निवडलेले बोंबील आणि वाकट्याही तयार करणार आहेत. आधी दहाजणींना विचारून, बरं का!

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे, ‘पाटल्या हातातच आहेत. भाकरी थापताना वाजतात तेव्हा तुमची आठवण येते.’

तुमच्याही मनात असाच एखादा धंदा घोळत असेल, तर आजच एक वही आणा आणि तीन रकाने आखा. पंधरा दिवसांनी तुमच्या वहीत काय निघालं ते मला कळवा. आणि हो, तोवर सोनाराकडे जाऊ नका!