एक संगणक, दोन प्रणाली : चंद्रपूर-गडचिरोलीच्या दप्तरांपुढील पेच

चंद्रपूर, प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. त्यापूर्वी ८ एप्रिल २०१४ रोजी 'एक्सपी' आणि १४ जानेवारी २०२० रोजी 'विंडोज ७' याच वाटेने गेल्या होत्या. प्रत्येक वेळी कंपनीचा सल्ला एकच होता : नवी प्रणाली घ्या, आणि जुन्या यंत्रावर ती चालत नसेल तर नवे यंत्र घ्या. मुंबई-पुण्यातील कार्यालयांना हा सल्ला महाग पडतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जंगल जिल्ह्यांत तो अनेकदा अमलातच आणता येत नाही. म्हणूनच एका संगणकावर जुनी व नवी अशा दोन प्रणाली नांदवण्याचा, म्हणजे 'ड्युअल बूट'चा पर्याय येथे गांभीर्याने तपासून पाहण्याजोगा आहे. हा पर्याय उपयोगी निश्चितच आहे. मात्र तो नदीवरच्या तात्पुरत्या पुलासारखा आहे. त्यावरून पलीकडे जायचे असते, त्यावर मुक्काम करायचा नसतो.

यंत्र चालते, पण पात्र ठरत नाही

'विंडोज ११' ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्या अटींत किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणक्षमता यांच्या जोडीला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप आणि 'सिक्युअर बूट'ची सोय लागते. इंटेलच्या प्रोसेसरांपैकी साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच पात्र ठरतात आणि ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्याआधी घेतलेला संगणक कितीही सुस्थितीत असला तरी या चाळणीतून सहसा खाली पडतो. या अटींमुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत संगणक मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते २०११ पासूनच्या 'संग्राम' प्रकल्पातून. पुढे २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी ते काम हाती घेतले. दाखले, नोंदवह्या, जमाखर्च असे ग्रामव्यवहाराचे मोठे अंग त्यामुळे संगणकावर आले. त्या पहिल्या काळातील जे संगणक अजून टेबलावर आहेत, त्यांना नव्या अटी पूर्ण करणे शक्य नाही.

भूगोल ही दुसरी अडचण. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचे बारा तालुके लांबलचक पट्ट्यात पसरले आहेत आणि जिल्ह्याचे मुख्यालय उत्तरेला आहे. सिरोंचा तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यातील चित्र. अशा ठिकाणी अनेक जीबींची प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घ्या, बिघडल्यास तंत्रज्ञाला बोलवा, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण.

जुनी प्रणाली सुटत का नाही?

जुन्या प्रणालीला चिकटून राहणे म्हणजे निव्वळ आळस, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. जुन्या संगणकाच्या दाराला बहुधा तीन कुलपे असतात.

पहिले कुलूप लिपीचे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचा बहुतेक मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील फाँटमध्ये टंकित होत असे. या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचाच असतो. फाँट केवळ त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की कागदावर निरर्थक अक्षरांची रांग उरते. कृतिदेवची कळफलक-मांडणी रेमिंग्टन टंकयंत्रासारखी असल्याने टंकलेखकांचा हातही त्यावरच बसला. फाँटची फाइल नव्या प्रणालीतही चालते. अडते ते त्या काळचे टंकन-सॉफ्टवेअर. त्यातील काही सॉफ्टवेअरना 'हार्डवेअर लॉक' लावावे लागत असे आणि त्या लॉकचे ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळतीलच असे नाही. मुद्रण व्यावसायिकांच्या आवडत्या 'पेजमेकर'ची शेवटची ७.० ही आवृत्ती तर २००१ मधली आहे.

दुसरे कुलूप यंत्रसामग्रीचे. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन या प्रत्येकाला आपापले ड्रायव्हर लागतात.

तिसरे कुलूप प्रोग्रामचे. डॉसच्या काळातील १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोजमध्ये कसेबसे चालत. 'विंडोज ११' केवळ ६४-बिट स्वरूपातच येते आणि त्यात ते चालतच नाहीत. लेखा किंवा वेतनाचा एखादा जुना प्रोग्राम ज्या कार्यालयात अजून तग धरून असेल, त्याची वाट येथे संपते.

दोन प्रणालींचे घर

ड्युअल बूटचे तत्त्व साधे आहे. हार्ड डिस्कचे स्वतंत्र भाग, म्हणजे पार्टिशन, करायचे; एकात जुनी प्रणाली, दुसऱ्यात नवी. संगणक सुरू होताना एक यादी दिसते आणि वापरणारा हवी ती प्रणाली निवडतो. एका वेळी एकच प्रणाली चालत असल्याने यंत्राची सर्व शक्ती तिला मिळते. कमी रॅमच्या संगणकासाठी हा मोठाच फायदा.

मात्र कोणतीही जुनी प्रणाली कोणत्याही यंत्रावर बसत नाही. अलीकडच्या संगणकांत जुन्या 'बायोस'ची जागा 'यूईएफआय'ने घेतली आहे आणि त्यांवर एक्सपी किंवा 'विंडोज ७' बसवणे बहुतांशी अशक्य असते. म्हणजेच नव्या यंत्रावर जुनी प्रणाली नेण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. खुला आहे तो उलट मार्ग : जुन्या यंत्रावरील जुनी विंडोज तशीच ठेवून तिच्या शेजारी आजही सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी लिनक्स प्रणाली बसवणे. 'लिनक्स मिंट'ला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. फारच जुन्या, ३२-बिट यंत्रांसाठी मात्र हे दारही लोटले जात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३'ने ३२-बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली.

केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरून दाखवली आहे. त्यामुळे लिनक्स केवळ तज्ज्ञांसाठी, हा आक्षेप आता टिकणारा नाही. खरी अडचण वेगळी आहे. डिजिटल स्वाक्षरीची आणि शासकीय संकेतस्थळांची सर्व कामे तिच्यावर होतीलच, याची खात्री आधी करून घ्यावी लागते. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताच चालवून पाहता येते. ही चाचणी एक दिवसाची. ती टाळून केलेली घाई मात्र महिनाभर पुरते.

क्रम चुकला की काम बिघडते

या कामात कौशल्यापेक्षा क्रमाला महत्त्व आहे. सर्वप्रथम सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. त्यानंतर विंडोजमधूनच तिचे पार्टिशन आक्रसून मोकळी जागा करावी. हे चालू असताना वीज गेली तर डिस्कवरील माहितीला धोका असतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे असले तरी परिसरातील गावांनी यूपीएसशिवाय हे धाडस करू नये.

दोन्ही प्रणाली विंडोजच्याच असतील तर जुनी आधी आणि नवी नंतर, हा नियम मोडू नये. एक्सपी ज्या आरंभ-प्रोग्रामने सुरू होते तो व्हिस्टापासून बदलला. नवी प्रणाली जुनीला ओळखते आणि यादीत स्थान देते. जुनीला मात्र नवी ठाऊकच नसते. क्रम उलटला की नवी प्रणाली डिस्कवर शाबूत असूनही यादीतून नाहीशी होते आणि दुरुस्तीची वेगळी खटपट करावी लागते. लिनक्सचा 'ग्रब' दोघांनाही सामावून घेतो, म्हणून लिनक्स शेवटी बसवावी.

आणखी दोन बारकावे आहेत. 'विंडोज ८' पासून आलेली 'फास्ट स्टार्टअप'ची सोय बंद करावी. अन्यथा विंडोज पूर्ण बंद न होता अर्धनिद्रेत राहते आणि लिनक्समधून त्याच पार्टिशनवर लिहिल्यास फाइली खराब होऊ शकतात. दुसरा बारकावा घड्याळाचा. विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळेचे. परिणामी लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू शकते. घरच्या संगणकावर ही गंमत असेल. पण आवक-जावक नोंद करणाऱ्या कार्यालयात चुकीची तारीख हा वादाचा मुद्दा होतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगणारी सोय आहे. ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

धोका शेजारच्या खोलीत

सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली इंटरनेटवर आणणे म्हणजे काय, हे मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने दाखवून दिले. दुरुस्ती न केलेल्या विंडोज संगणकांतून तो पसरला. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. कालबाह्य एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली, इतके ते संकट मोठे होते.

ड्युअल बूटमध्ये हा धोका संपत नाही. जुन्या विंडोजमधून शेजारच्या पार्टिशनपर्यंत हात पोहोचू शकतो. म्हणून जुन्या प्रणालीतील नेटवर्क पूर्णपणे बंद ठेवणे अनिवार्य आहे. इंटरनेटचे प्रत्येक काम नव्या प्रणालीत. जुनीत केवळ जुने दस्तऐवज उघडणे आणि छापणे. हातोहाती फिरणाऱ्या पेनड्राइव्हलाही हीच शिस्त लागू करावी लागेल.

ज्यांच्याकडे ८ जीबी वा अधिक रॅमचे पात्र यंत्र आहे, त्यांनी ड्युअल बूटऐवजी नव्या प्रणालीच्या आत आभासी संगणक उभारून त्यात जुनी प्रणाली चालवणे अधिक सुरक्षित. मुदतवाढ विकत घेण्याचाही मार्ग आहे. 'विंडोज १०'च्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने संस्थांना पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर, कमाल तीन वर्षांसाठी, जाहीर केला. शैक्षणिक संस्थांसाठी हाच दर तीन वर्षांसाठी अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर आहे. शाळा-महाविद्यालयांनी यंत्रे मोडीत काढण्यापूर्वी हा हिशेब जरूर मांडावा.

पणाला काय लागले आहे?

या साऱ्या खटाटोपाचे मोल यंत्राच्या किमतीत मोजता येणार नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला. त्यानंतर या दोन जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. ठराव, दावे, हद्दींची वर्णने, मजुरीचे हिशेब ही ग्रामसभेची सत्ता आहे आणि ती कागदावर उभी आहे. असा दस्तऐवज एखाद्या बंद पडत चाललेल्या संगणकात, जुन्या फाँटमध्ये अडकला असेल, तर तो वाचता न येणे म्हणजे हक्काचा पुरावाच हाताशी नसणे होय.

म्हणून ड्युअल बूटने मिळालेला अवधी रूपांतरासाठी वापरला पाहिजे. जुन्या प्रणालीत प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून तिची पीडीएफ प्रत करावी, जेणेकरून मूळ रूप गोठून राहील. मग मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसारखी मराठीची खास जोडणी, आकडे आणि माडिया-गोंडी गावांची व व्यक्तींची नावे यांत चूक होण्याची शक्यता असते. दाव्यातील एका नावातले एक अक्षर बदलले तरी माणसाला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात. छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहणे, याला पर्याय नाही. टंकलेखकांना नवा कळफलक शिकण्याचीही सक्ती नको. युनिकोडमध्ये रेमिंग्टन मांडणीने टंकन करता येते.

हे काम एकेका ग्रामसेवकावर किंवा केंद्रचालकावर सोपवून भागणार नाही. दोन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची जिल्हा कार्यालये आहेत. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. प्रणालीची एकच तपासलेली प्रत जिल्हास्थानी तयार करून पेनड्राइव्हने तालुक्यांपर्यंत पोहोचवणे, विद्यार्थ्यांच्या चमूंना त्याचे प्रशिक्षण देणे आणि पावसाळा लागण्याआधी दुर्गम तालुके उरकणे, हे अवाक्यातले काम आहे. त्याआधी हवी आहे ती एक यादी : कोणत्या कार्यालयात कोणते यंत्र आहे, त्यात कोणत्या फाँटमधला कोणता दस्तऐवज आहे, आणि जुनी प्रणाली कोणत्या तारखेला बंद करायची आहे.

ही शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची. ती ठरवली नाही तर दोन प्रणालींचा संगणक वर्षानुवर्षे तसाच चालत राहील आणि एके दिवशी त्याची हार्ड डिस्क बंद पडेल. मायक्रोसॉफ्टने आपली तारीख ठरवली आणि पाळली. आता जिल्हा प्रशासनांनी आणि ग्रामसभांनी आपापली तारीख ठरवायची आहे.