हरलेला डाव पुसायचा नाही!

"अहो, गेमला कसले घरचे नियम?" मंडळातले मित्र हसतात. आम्ही बापलेक २००५ सालचा 'सिव्हिलायझेशन ४' अजून खेळतो. अट एकच: सेव्ह केलेला डाव पुन्हा लोड करायचा नाही. मित्रहो, हरलेली लढाई पुसता येत असेल, तर शेजाऱ्याशी तह कोण करेल? सीमेवर धनुर्धारी कोण ठेवेल? हे राज्य चालवणं कसलं? पाटीवरचं गणित, चुकलं की पुसलं! निर्मात्यांनाही ही पळवाट ठाऊक होती. मुद्दाम वेगळा पर्याय निवडला नसेल, तर लोड करून तीच चाल केली की निकालही तोच लागतो. मग खेळाडू चाल बदलून फसवतो. (मीही फसवायचो.)

परवा चिरंजीवांची राजधानी पडली. डोळ्यांत पाणी, माऊस 'लोड'वर. मी गप्प. राजवाडा आपोआप दुसऱ्या शहरात गेला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, इथे तटबंदी आधी बांधू?"